दिवसाचे दिवे बंद करताना

मिशिगनमध्ये गाड्यांच्या वायरिंगची कामं करताना ज्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं, ते दिसायला अगदी किरकोळ आहे: जुन्या पिकअप ट्रकचे दिवसा आपोआप लागणारे दिवे बंद करून देणं. गिऱ्हाईक येतं, चावी काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "हे दिवे मला नकोत. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं करून टाका." बऱ्याचदा ते खरोखर पाच मिनिटांचंच असतं. पण ते पाच मिनिटांत कधी करायचं, कधी अर्धा दिवस घालवून करायचं आणि कधी हात जोडून नाही म्हणायचं, हे कळायला मला बरीच वर्षं द्यावी लागली. आज गॅरेजमध्ये नवी मुलं माझ्या हाताखाली येतात तेव्हा मी त्यांना पहिला धडा याच कामावर देतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये वस्तादांच्या हाताखाली वायर सोलायला शिकलो. तिथे येणाऱ्या तक्रारी एकाच जातीच्या असायच्या. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, सेल्फ उचलत नाही. बंद पडलेलं चालू करणं हेच आमचं काम. धडधाकट चालणारी गोष्ट बंद करून घ्यायला कुणी गाडी आणल्याचं मला आठवत नाही. भावाने बोलावून घेतल्यावर बिऱ्हाड घेऊन इकडे आलो, मिशिगन राज्याच्या मेकॅनिकच्या परीक्षा दिल्या आणि डेट्रॉईटच्या बाहेर एका खाजगी गॅरेजमध्ये लागलो. सुरुवातीच्या आठवड्यांतच एक माणूस आला आणि दिवे कायमचे विझवून द्या म्हणाला. मी मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सवय कर. हे नेहमीचं आहे."

या दिव्यांना इकडे डे-टाइम रनिंग लाइट म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं डीआरएल. इंजिन सुरू झालं की ते लागतात, दिवस असो वा रात्र. रस्ता दिसावा म्हणून ते नसतात. समोरच्याला आपली गाडी लवकर दिसावी एवढ्यासाठीच असतात. कल्पना उत्तरेकडच्या देशांतली. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला धरून चालतो आणि भर दुपारीही रस्त्यावर करडा उजेड असतो. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे लावणं सक्तीचं केलं, स्वीडनने १९७७ मध्ये बाराही महिने. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांत हे दिवे आपोआप लागलेच पाहिजेत असा नियम केला. अमेरिकेने मात्र सक्ती कधीच केली नाही. १९९३ मध्ये कंपन्यांना हे दिवे बसवायची परवानगी दिली, इतकंच. मग जनरल मोटर्सने १९९५ च्या मॉडेलपासून आपणहून ते बसवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्या इथल्या गाड्यांत ते सर्रास आले. म्हणजे कायद्याने मागितले नाहीत, गिऱ्हाइकाने मागितले नाहीत, तरी ट्रकबरोबर आले, आणि बंद करायला साधं बटणही नाही. लोक चिडले त्याचं मूळ इथे आहे.

ही चीड मला खोटी वाटत नाही. इथला पिकअपवाला आपल्या ट्रकशी वीस-वीस वर्षं संसार करतो. तेल स्वतः बदलतो, ब्रेकचे पॅड स्वतः बदलतो. आपल्या गाडीचा दिवा कधी लागावा हे आपल्याला ठरवता येत नाही, हे त्याला सहन होत नाही. समोरून येणाऱ्यांचीही तक्रार होतीच. काही गाड्यांत हे दिवे इतके प्रखर होते की डोळ्यांवर यायचे. अशा तक्रारी एवढ्या आल्या की १९९८ मध्ये केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याने त्यांची प्रखरता कमी करण्याचा प्रस्ताव मांडला होता.

प्रखरता का यायची हे वायरमनच्या भाषेत सांगतो. वेगळा बल्ब बसवायचा खर्च वाचावा म्हणून कित्येक गाड्यांत हेडलाइटचाच बल्ब मंद करून वापरलेला असतो. एक पद्धत अशी की दोन्ही बाजूंचे हाय-बीमचे बल्ब एरवी पॅरलल असतात, ते दिवसापुरते सिरीजमध्ये जोडायचे. मग प्रत्येक बल्बला निम्मंच व्होल्टेज मिळतं. हॅलोजन बल्बचं गणित मात्र सरळ नसतं. व्होल्टेज निम्मं झालं की उजेड निम्मा होत नाही, तो साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो आणि पिवळट पडतो. तरीही तो हाय-बीमचा उजेड, सरळ समोर फेकलेला. ट्रक उंच, त्यामुळे तो नेमका लहान गाडीवाल्याच्या आरशात जातो. दुसऱ्या पद्धतीत लो-बीमचा बल्ब थोडा मंद करतात. तिसरीत पुढचे नारिंगी इंडिकेटरच न लुकलुकता जळत ठेवतात. चौथीत वेगळे बल्ब. समोर उभा असलेला ट्रक यांपैकी कोणत्या पद्धतीचा आहे हे कळल्याशिवाय मी पक्कड हातात घेत नाही.

पहिली गोष्ट मी शिकलो ती ही की "दिवे बंद करा" ही अनेकदा तक्रार नसतेच. माणसाने स्वतःच शोधून आणलेला तो इलाज असतो. खरी तक्रार त्याच्या मागे असते आणि ती विचारून काढावी लागते. एक गृहस्थ म्हणाले, बल्ब सारखे जातात, दिवसभर जळल्यावर दुसरं काय होणार, म्हणून बंद करा. होल्डर काढून पाहिला तर प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं आणि आतली पत्ती सैल. बल्ब त्या सैल पत्तीमुळे जात होता. होल्डर बदलला, अर्थिंगची जागा घासून साफ केली, दिवे होते तसेच ठेवले. एक जण मायलेजसाठी आला होता. त्याला मी मीटर लावून दाखवलं की हे दिवे अगदी थोडे वॉट घेतात आणि इंजिन हजारो वॉट देत असतं, म्हणजे पेट्रोलमधला फरक एक टक्क्याच्याही आत. त्याने टायरमधली हवा तपासून घेतली आणि गेला. आणखी एकाने उलटीच तक्रार आणली, डीआरएल आपोआप बंद पडले म्हणून. सिरीजच्या ट्रकमध्ये एका बाजूचा हाय-बीम उडाला की दोन्ही दिवे जातात, कारण प्रवाहाची वाट एकच. पण रात्री हाय-बीम मारला की दुसरा बल्ब नीट लागतो, म्हणून माणसाला बल्बचा संशय येत नाही. एक बल्ब बदलला की काम संपतं.

काही लोकांची गरज मात्र खरी असते. नोव्हेंबरच्या १५ तारखेला इथे बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पहाटे काळोखात रानाच्या कडेला ट्रक लावणाऱ्याला समोर उजेडाचा झोत नको असतो. शेतावर काम करणाऱ्याला इंजिन चालू ठेवून अंगणात उभं राहायचं असतं आणि घरच्यांच्या खिडकीत दिवा जायला नको असतो. रात्रपाळीचा पहारेकरी फाटकाशी तासन्‌तास हीटर लावून बसतो. उघड्यावरच्या सिनेमाचंही तसंच. डिअरबॉर्नला असं एक मोठं ड्राइव्ह-इन आहे, तिथे आपल्या ट्रकच्या दिव्यांनी पुढच्या रांगेतल्यांचा रसभंग झाला म्हणून खजील होऊन येणारे लोक मी पाहिलेत. त्यांना दर वेळी वायरिंगला हात लावावा लागत नाही. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये इंजिन सुरू करण्याआधी पायाचा पार्किंग ब्रेक दाबला तर तो सोडेपर्यंत डीआरएल लागत नाहीत. उभ्या गाडीसाठी ही सोय कंपनीनेच ठेवलेली आहे. पुस्तिकेत लिहिलेली असते, पण ती कुणी वाचत नाही. मी गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या जागेवर बसवतो, ब्रेक दाबून चावी फिरवायला सांगतो आणि स्वतः बंपरसमोर उभा राहून दिवे लागले नाहीत हे हाताने खुणावतो. त्याचे पैसे घेत नाही.

याच पार्किंग ब्रेकने मला माझ्या कामाचा सगळ्यात मोठा धडा दिला.

एक जुना ट्रक आमच्याकडे ब्रेकच्या कामाला आला होता. तो एका तरुण मुलीने नुकताच विकत घेतला होता. ब्रेकचं पेडल खोल जातं, एवढीच तिची तक्रार होती. मी नेहमीप्रमाणे आधी डॅशबोर्ड पाहिला. घड्याळांच्या मधोमध काचेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चिकटवलेला होता. उन्हाने त्याच्या कडा वर आल्या होत्या. नखाने उचकटला तर खाली ब्रेकचा लाल दिवा जळत होता. पार्किंग ब्रेक सोडलेला होता. वाकून पेडलजवळ बॅटरी मारली तेव्हा सगळा प्रकार दिसला. पार्किंग ब्रेकच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरला कुणी तरी निळी चिमटा-क्लिप मारून एक तुकडा जोडला होता आणि त्याचं दुसरं टोक डॅशच्या बोल्टखाली दाबून अर्थ केलं होतं. त्यामुळे ट्रकची समजूत अशी की पार्किंग ब्रेक कायम दाबलेला आहे, आणि म्हणून दिवसाचे दिवे लागत नव्हते. युक्ती स्वस्त आणि डोकेबाज. पण तो लाल दिवा पार्किंग ब्रेकसाठी असतो तसाच ब्रेक ऑइल कमी झाल्याचं सांगण्यासाठीही असतो. तो कायम जळायला लागला म्हणून त्रास झाला, आणि त्रास झाला म्हणून त्यावर टेप लावली. ट्रक लिफ्टवर घेतला तेव्हा मागच्या चाकाकडे जाणारी लोखंडी ब्रेकची नळी गंजून पाझरत होती. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते नळ्या खातं. टाकीतलं ऑइल खुणेच्या बरंच खाली गेलं होतं. ट्रक तिला तेच सांगत होता आणि त्याच्या तोंडावर टेप होती.

ज्याने हे केलं तो माणूस वाईट नसणार. त्याला दिवे नको होते आणि त्याने ते घालवले. ट्रक विकताना तो दोन वायरींची गोष्ट विसरलाही असेल. पण गाडीत एकटी वायर अशी नसते. प्रत्येक तार कुणाला तरी काही तरी कळवत असते, आणि आपल्याला नको असलेला निरोप थांबवताना आपण दुसरा कोणता निरोप अडवतोय हे पाहणं हे वायरमनचं काम आहे. त्या दिवशी मी ती क्लिप काढली, कंपनीची वायर पूर्ववत केली, नळी बदलली आणि मुलीला टेपचा तुकडा दाखवून सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं टेप काच तडकली म्हणून लावलीय." तिने शंका घ्यावी असं तिथे काहीच नव्हतं. पुढच्या मालकाला यातलं काही माहीत नसतं, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात पक्की बसली.

त्यानंतर मी तोडलेल्या वायरींकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. एकदा दोन्ही लो-बीम गेलेला ट्रक आला. फ्यूज चांगला, स्विच चांगला, बल्ब चांगले. टेस्ट लॅम्प घेऊन दुपारपर्यंत हार्नेसच्या मागे लागलो. शेवटी बॅटरीखालच्या बाजूला टेपचा एक फुगवटा हाताला लागला. टेप सोडवली तर आत एक तोडलेली आणि पुन्हा पिळून जोडलेली तार, तिच्यावर घरातल्या वायरिंगला वापरतात ती प्लास्टिकची टोपी. टोपीत पाणी आणि मीठ जाऊन तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. बोट लावलं तशी तार तुटून हातात आली. कुणी तरी डीआरएल बंद करायला ती तोडली होती, दिवे पुरते जातात हे कळल्यावर घाईने परत पिळली होती, आणि दोन-तीन हिवाळ्यांनी मिठाने उरलेलं काम केलं होतं. दिवस मावळून दिवेलागणीच्या वेळेला या ट्रकचे दिवे रस्त्यात गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार करतच मी नवी तार सोल्डर केली.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. बंद करायचं तर असं बंद करायचं की कुणालाही, मी नसताना, विनासायास परत चालू करता आलं पाहिजे. हार्नेसची मूळ वायर तोडायची नाही. हा नियम सांगायला सोपा आहे, पाळायला वेळ जातो आणि तो वेळ गिऱ्हाइकाच्या बिलात दिसतो. म्हणून तो आधी पटवून द्यावा लागतो.

प्रत्यक्षात काम असं चालतं. ट्रकमध्ये डीआरएलचा स्वतंत्र रिले असेल तर तो उपसून काढतो, चिठ्ठी लावलेल्या पाकिटात घालून डॅशच्या कप्प्यात ठेवतो आणि मोकळ्या सॉकेटमध्ये ओल जाऊ नये म्हणून ग्रीस भरतो. वेगळं मॉड्यूल असेल तर त्याचं कनेक्टर सोडवून तोंड बंद करतो आणि हार्नेसला बांधून ठेवतो. काही ट्रकमध्ये हे काम बॉडी कॉम्प्युटर करतो, तिथे स्कॅनर लावून सेटिंग बदलायचं, आधीचं सेटिंग कागदावर लिहून घ्यायचं. गिऱ्हाइकाला बटण हवं असेल तर दोन्ही टोकांना कंपनीसारखीच कनेक्टर लावून मधला तुकडा बनवतो. तो काढला की मूळ प्लग एकमेकांत बसतात. रिले सामायिक असेल, म्हणजे तो काढल्यावर हेडलाइट किंवा इंडिकेटरवर परिणाम होत असेल, तर तो मार्ग मी घेतच नाही. हेडलाइट, इंडिकेटर, टेललाइट हे कायद्याने लागणारे दिवे आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. शेवटी सगळे दिवे एकेक करून तपासतो आणि डॅशवरच्या उजेडाच्या सेन्सरवर जाड कापड टाकून पुन्हा एकदा तपासतो. हा सेन्सर झाकला की ट्रकला रात्र झाली असं वाटतं आणि हेडलाइट पूर्ण ताकदीने लागतात. दिवे जावेत म्हणून सेन्सरला टेप लावून आलेले आणि दिवे वाढले म्हणून गोंधळलेले लोक दरवर्षी भेटतात.

हॅलोजनच्या जागी एलईडी किंवा एचआयडी किट बसवलेल्यांचा एक वेगळा वर्ग आहे. मंद केलेल्या व्होल्टेजवर एलईडी लुकलुकतात, एचआयडीचे बॅलास्ट जळतात. मग डीआरएल दोषी ठरतात. तिथे मी स्पष्ट सांगतो की हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेमागे हे बल्ब समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि रस्त्यावर ते कायदेशीरही नाहीत. चांगल्या कंपनीचे हॅलोजन बल्ब घाला, काच पॉलिश करून घ्या, उजेड पुरेल. काही ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम मी घेत नाही.

आता मी नाही का म्हणतो, किंवा निदान थांबून बोलतो का, ते सांगतो. डीआरएल असलेल्या ट्रकचा मोठा धोका दिवसा नसतो, तो सांजवेळी असतो. पुढे थोडा उजेड पडलेला असतो, घड्याळं दिसत असतात, म्हणून चालकाला वाटतं आपले दिवे लागलेत. पण डीआरएल लागले म्हणून मागचे दिवे लागत नाहीत. मागून ट्रक काळा ठिक्कर असतो. कॅनडाने याच कारणासाठी सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना आणखी कडक नियम लावला. जुन्या ट्रकना तो लागू नाही. म्हणून स्वयंचलित हेडलाइट नसलेला ट्रक आला की मी गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलावतो. इंजिन चालू, डीआरएल चालू, आणि त्याला गॅरेजच्या मागच्या गल्लीत ट्रकपासून लांब उभं करतो. पुढून पाहा, आता मागून पाहा. कित्येकांना पहिल्यांदाच कळतं की आपण इतकी वर्षं मागून अंधारात चालत होतो. यानंतर दिवे बंद करायचे की ठेवायचे हा निर्णय ते घेतात, पण सूर्य मावळला की हाताने स्विच फिरवायची सवय घेऊनच जातात. मिशिगनचा कायदा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून हेडलाइट मागतो. मी त्यांना सांगतो, अर्धा तास थांबू नका.

डीआरएलचा उपयोग किती, यावर गॅरेजमध्ये वाद होतात. मालकांच्या मते ते निरुपयोगी. मी त्यांना २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला केंद्रीय खात्याचा अभ्यास दाखवतो. सगळ्या गाड्या एकत्र घेतल्या तर ठोस फायदा त्यात दिसला नाही, हे खरं. पण पिकअप आणि व्हॅनसारख्या हलक्या ट्रकचा हिशोब वेगळा काढला, तेव्हा दोन वाहनांच्या टकरींत सापडण्याचं त्यांचं प्रमाण ५.७ टक्क्यांनी कमी आढळलं. याच सगळ्या आकड्यांकडे बघून पुढच्याच वर्षी खात्याने हे दिवे सक्तीचे करण्याची जनरल मोटर्सची मागणी नाकारली. मला दोन्ही गोष्टी समजतात. फायदा सगळ्यांवर लादावा इतका मोठा ठरला नाही, आणि पिकअपवाल्याने हसण्यावारी न्यावा इतका लहानही नाही. माझ्या स्वतःच्या ट्रकचे दिवे मी चालू ठेवलेत. जानेवारीत बर्फाचा भुगा उडत असताना समोरून येणारी करडी गाडी मला शेवटच्या क्षणी दिसते आणि दिवा लावलेली गाडी बरीच आधी, एवढं मला पुरतं.

परत चालू करता येईल असं काम करायचं, याचं मोल मला एका सुताराने दाखवून दिलं. त्याचे दिवे मी रिले काढून बंद केले होते. काही वर्षांनी त्याने नदीपलीकडे विंडसरला घर केलं. डेट्रॉईटच्या समोरच्या काठावर कॅनडा. पंधरा वर्षांच्या आतली गाडी तिकडे कायमची न्यायची तर तपासणी होते आणि दिवसाचे दिवे चालू असावे लागतात. त्याने फोन करून विचारलं, किती खर्च येईल? मी म्हणालो, डॅशचा कप्पा उघडा. पाकीट तिथेच होतं. चिठ्ठीवर फ्यूजबॉक्समधली जागा लिहिलेली होती. फोन चालू असतानाच त्याने रिले बसवला, इंजिन सुरू केलं आणि म्हणाला, "लागले!" एखाद्याने वायर तोडून हेच काम केलं असतं तर त्याला तपासणीआधी वायरिंग दुरुस्त करून घ्यावी लागली असती.

मध्यंतरी कोल्हापूरला गेलो होतो. वस्तादांची शेड आता त्यांचा मुलगा चालवतो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो आणि बंद करायचा स्विच नसतो. रस्त्यावरचे लोक अजूनही मूठ उघडझाप करून "लाइट चालू आहे" अशी खूण करतात. मुलगा म्हणाला, "काका, रोज एक-दोघं येतात, स्विच टाकून द्या म्हणतात." मी विचारलं, तू काय करतोस? म्हणाला, "वायर तोडून स्विच टाकतो, दहा मिनिटांत होतं." मी त्याला रागावलो नाही. तिथे तर नियमच सक्तीचा आहे, म्हणून हे काम घेऊच नये, असं आधी सांगितलं. घाटात, पावसात, ऊस भरलेल्या ट्रॉलीला ओलांडणाऱ्या बसच्या चालकाला समोरची मोटरसायकल त्या दिव्यामुळेच दिसते. मग दोघं शेडमध्ये बसलो आणि कोणत्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं यावर चहाचे दोन पेले होईपर्यंत बोललो. बॅटरी उतरते म्हणणाऱ्याची चार्जिंग तपास. लोक हात करतात म्हणणाऱ्याला नियम सांग. आणि जे काम घेशील ते उलटं फिरवता येईल असं कर. त्याने शेवटचं वाक्य भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

इतकी वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय की गाडी ज्याची आहे त्याला तिच्यातली एखादी गोष्ट नको म्हणायचा अधिकार आहे, जिथे कायदा तो देतो तिथे. तो अधिकार वापरून देणं हे माझं पोट भरायचं काम आहे आणि ते मी आनंदाने करतो. पण गाडी एकाच माणसाकडे कायम राहत नाही. उद्या त्याची पोरगी ती चालवेल, परवा अनोळखी माणूस विकत घेईल. आज दिलेला जोड त्यांच्याही वाट्याला येतो. म्हणून बिलावर मी काय काढलं, कुठे ठेवलं आणि परत कसं बसवायचं, हे तीन ओळींत लिहून देतो आणि तोच कागद ट्रकच्या पुस्तिकेत खोचतो.

तुम्हालाही तुमच्या गाडीतली एखादी गोष्ट बंद करून घ्यायची असेल, दिवा असो, बझर असो की सीटबेल्टची आठवण असो, तर आधी ती कशासाठी लावली आहे हे मेकॅनिकला विचारा. मग विचारा की ती पुन्हा चालू कशी करायची. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने काम सुरू करण्याआधी नीट दिलं, तरच चावी त्याच्या हातात द्या.